बाईंनी वाचलेला कागद

गायकवाडबाई सही करण्याआधी कागद मोठ्याने वाचत. पोस्टाची पोचपावती असो की शाळेचं परिपत्रक, चष्मा सावरून पहिल्या ओळीपासून थेट 'येथे सही करावी'पर्यंत. मागे रांग लागली तरी त्यांना फरक पडत नसे. एकदा बँकेतला कारकून वैतागून म्हणाला, "अहो बाई, बाकीचे सगळे नुसती सही करतात." बाई म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला वेळेवर जेवायला जाता येतं." आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या.

हडपसरच्या मराठी शाळेत आठवीला त्या आमच्या वर्गशिक्षिका होत्या. धडा वाचताना कोणी एखादं वाक्य ओलांडून पुढे गेलं, की म्हणत, "चाळायचं ते पीठ. कागद वाचायचा असतो." या सवयीचं कारणही त्यांनी आम्हाला वर्गातच सांगितलं होतं. त्या येरवड्याच्या वस्तीत वाढल्या. आसपासच्या मोठ्या माणसांना वाचता येत नसे, म्हणून सगळ्यांचे कागद ही लहान मुलगी वाचून दाखवी. नऊ वर्षांच्या असताना शेजारच्या काकांना त्यांच्या मुलीच्या शाळाप्रवेशाचं पत्र वाचून दाखवताना त्यांनी एक अवघड ओळ गाळली. जन्माचा दाखला सोबत आणावा, असं त्या ओळीत होतं. काका तसेच गेले, मुदत टळली, मुलीचं वर्ष गेलं.

"काका मला एका शब्दानं बोलले नाहीत," बाई सांगत. "पुढचं पत्र मात्र दुसऱ्याकडे घेऊन गेले."

हे मी ऐकलं होतं. दुसऱ्या बाकावर बसून ऐकलं होतं. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना एवढं लक्षात ठेवावं.

मी इंजिनिअर झालो आणि हडपसरमध्येच एका कंपनीत लागलो. काही वर्षांपूर्वी कंपनीने नववी-दहावीच्या मुलांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून देणारं पाच आठवड्यांचं उन्हाळी शिबिर काढलं. ते माझ्याकडे आलं, आणि मी माझ्या शाळेत गेलो. बाई निवृत्तीला आल्या होत्या.

"ये सुनील. पोट सुटलंय तुझं. बस."

मी शिबिराचा बेत सांगितला. संगणकाला पुस्तकी मराठी कळतं, घरातलं कळत नाही. मुलांनी आजी-आजोबांचं, आई-वडिलांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून आणायचं, कोण काय म्हणालं ते लिहायचं आणि त्यावरून यंत्राला शिकवायचं. बाईंना ते फार आवडलं. "म्हणजे आता मुलं यंत्राच्या चुका काढणार? बरं झालं. चौतीस वर्षं आम्ही मुलांच्याच काढतोय."

घरच्यांची लेखी संमती हवी होती. कंपनीचा कागद इंग्रजीत, सात पानी. सहाव्या पानावर एक परिच्छेद होता: हे आवाज कंपनी शिबिरानंतरही हव्या त्या कामासाठी वापरील आणि इतरांना देऊ शकेल. त्यावरून सुटसुटीत, दोन पानी मराठी कागद मी तयार केला. त्यात बाकी सगळं घेतलं आणि तो परिच्छेद सोडला. लोक बिचकतील, पुरेसे आवाज मिळाले नाहीत तर शिबिर बारगळेल, मुलांची संधी जाईल, असं मी मनाला सांगितलं. शिबिर बारगळलं असतं तर माझी बढतीही राहिली असती, हे तेव्हा मनालाही सांगितलं नाही.

बाईंनी मराठी कागद माझ्यासमोर मोठ्याने वाचला. मग म्हणाल्या, "हा इंग्रजीचाच ना? सगळा आलाय?"

"सगळा आलाय, बाई."

"मग इंग्रजी वाचत बसत नाही. तू माझ्याच हातचा आहेस."

आयुष्यात बहुधा एवढा एकच कागद त्यांनी न वाचता सोडला.

अठ्ठावीस मुलांच्या घरी त्या स्वतः गेल्या. दोन संध्याकाळी मी सोबत होतो. वैष्णवी नावाच्या मुलीच्या घरी तिची आजी पेन मागून थेट सही करायला निघाली. "तुमी सांगताय म्हनल्यावर वाचायचं कशापाई?"

"मी सांगतेय म्हणूनच वाचायचं, आजी." बाईंनी दोन्ही पानं सावकाश वाचली, आवाज कुठे कुठे वापरणार ते समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, "एवढंच आहे." आजीने एकेक अक्षर जोडत सही केली. मी दाराशी पाण्याचा पेला घेऊन उभा होतो. तेव्हा बोलता आलं असतं.

शिबिर छान झालं. पहिल्या आठवड्यात आजीचं 'पानी तापलं हाय' यंत्राने भलतंच काहीतरी लिहिलं आणि वर्ग पोट धरून हसला. शेवटच्या आठवड्यात तेच वाक्य त्याने बरोबर लिहिलं. बाई मागच्या बाकावर बसून रोज टिपणं काढत होत्या. समारोपाला त्यांनी माझी ओळख 'माझा विद्यार्थी' अशी करून दिली.

पुढच्या दिवाळीनंतर वैष्णवीची आई बाईंना भेटायला शाळेत आली. तिला मोबाइलवर प्लॉटच्या जाहिरातीचा फोन आला होता. बोलणारं यंत्र होतं. आवाज तिच्या सासूचा. "बाई, सासूबाई वारून चार म्हैने झाले," ती म्हणाली, "आन् काल फोनवर मला ताई म्हनून प्लॉट घ्या म्हनत व्हत्या."

बाईंचा मला फोन आला. "इंग्रजी कागद घेऊन ये."

शिक्षकांच्या खोलीत त्यांनी तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. पाच पानं मी ऐकत बसलो, सहावं कधी येतंय याची वाट बघत. तो परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला.

"हे मराठीत कुठे आहे?"

"राहून गेलं, बाई."

"राहून गेलं, की राहू दिलंस?"

मी टेबलावरची पानं जुळवू लागलो. मग त्यांनी विचारलं, "आता आवाज परत घेता येतील?" मी सांगितलं, ध्वनिमुद्रणं पुसता येतील, पण यंत्र त्यावरून जे शिकलं ते वेगळं काढता येत नाही.

"हुशार आहे," बाई म्हणाल्या. "आमच्याकडची मुलं विसरतात."

त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. चार वाक्यं होती. ती मी मोठ्याने वाचायची आणि खाली सही करायची. मग तो घेऊन त्या अठ्ठावीस घरी जाणार होत्या. मी तीन वाक्यं वाचली. चौथ्याला म्हणालो, "बाई, 'माहीत होतं'च्या जागी 'कल्पना नव्हती' चालेल का? नोकरीचा प्रश्न आहे. आधी आमच्या वकिलांना दाखवतो."

बाईंनी चष्मा काढला. "दाखव. त्यांनाही मोठ्याने वाचून दाखव."

मी कागद खिशात घालून निघालो. तो मी कोणालाच दाखवला नाही.

त्या माझ्या सहीविनाच गेल्या, एकट्या. प्रत्येक घरी सहाव्या पानावरचा परिच्छेद मराठीत वाचून दाखवला. माझं नाव घेतलं नाही. वैष्णवीच्या आईने मला नंतर सांगितलं, "म्हनाल्या, एक ओळ गाळली गेली, वाचनारी मी व्हते." काहींनी चहा दिला, काहींनी दारातूनच मान हलवली.

जून महिन्यात शाळा उघडली की बाईंच्या टेबलापाशी पालकांची रांग लागे. शिष्यवृत्तीचे, दाखल्यांचे अर्ज वाचून घ्यायला. त्या जूनमध्ये मी धीर करून शाळेत गेलो, तर बाई टेबलापाशी बसल्या होत्या आणि समोरचा बाक रिकामा होता. पालक अर्ज घेऊन पलीकडे शिपायाभोवती उभे होते. बाईंनी मला पाहिलं. "या. काही वाचून घ्यायचंय का?" असं म्हणाल्या आणि पुन्हा समोरच्या वहीकडे वळल्या. मी परत फिरलो. मला बढती मिळाली होती. अजूनही मी त्याच कंपनीत आहे.

गेल्या थंडीत बाई गेल्या. त्यांचा कागद माझ्या खणात आहे. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आज तो शेवटपर्यंत मोठ्याने वाचला, आणि खाली सही केली. तो असा:

'उन्हाळी शिबिराचा मराठी कागद मी लिहिला. तुमचे आवाज कंपनी पुढेही वापरील आणि इतरांना देईल, ही गोष्ट मी त्यातून गाळली. बाईंनी विचारल्यावर मी सगळं आलंय असं सांगितलं. ते खोटं आहे, हे मला तेव्हा माहीत होतं.'

एवढंच आहे.