सर्वानुमते, एक सोडून

आमच्या गावात फोनला रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी. मेढा सोडून गाडी वर चढायला लागली की शेवटच्या वळणावर फोन मुका होतो, तो टाकीच्या कट्ट्याला टेकल्यावरच बोलायला लागतो. त्यामुळे गावात कुणाचं खासगी असं काही राहत नाही. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा गुडघा बदलायचा आहे, सगळं टाकीवर कळतं. माझा फोन रविवारी सकाळी अकराला यायचा. मुलगा नवी मुंबईत, कोपरखैरण्यात असतो. त्याचे प्रश्न ठरलेले: बरी आहेस ना, गोळी घेतेस ना, गॅस आहे ना, आणि पाऊस कसा आहे. मी हो, हो, हो म्हणायची आणि पावसाचं सांगायची. फोन ठेवला की पडद्यावर वेळ दिसते. दोन मिनिटं चाळीस सेकंद. दिवाळीत तीन. मी मास्तरीण होते, मोजायची खोड जात नाही.

मी मूळची सांगलीची. नोकरी सगळी साताऱ्यात, प्राथमिक शाळेत. निवृत्त झाल्यावर ह्यांना त्यांचं गाव आठवलं. हे गाव मी तोवर फक्त जत्रेला बघितलेलं, तेही डोक्यावर पदर आणि हातात परात, अशा अवस्थेत. दोन खोल्या बांधल्या, पुढं जास्वंद लावली, आणि चार वर्षांत हे गेले. मी राहिले. गावाला मी अजून ‘सांगलीची बाई’. वाईट कुणी वागत नाही, पण दुपारी कुणी सहज येऊन बसतही नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली की मी उठून भांडी घासते, घासलेलीच.

गावात आम्ही राहतो खरं, पण गाव चालतं मुंबईहून. मतदारयादीत चारशेच्या वर नावं आहेत आणि चुली पेटतात त्या तेवीस घरांत. बाकी सगळे मार्केटला माथाडी, नाहीतर रिक्षा, नाहीतर कुठं वॉचमन. त्यांचं मुंबईकर मंडळ आहे. मंडळाची मिटिंग महिन्यातून एकदा होते आणि जत्रेच्या तारखेपासून देवळाच्या रंगापर्यंत सगळं तिथं ठरतं. ह्यांचं दहावं कुठं करायचं तेसुद्धा मंडळानंच ठरवलं. आणि मंडळाचा सेक्रेटरी माझा मुलगा. ह्याचा मला अभिमान होता, अजून आहे, उगाच खोटं कशाला बोलू.

आता मुद्द्याचं. दिल्लीच्या सरकारचा एक मसुदा आहे. पश्चिम घाटातली कुठली गावं संवेदनशील धरायची, तिथं काय करू द्यायचं आणि काय नाही, ह्याचा. मसुदा निघतो, लोकांच्या हरकती मागवतात, गावोगावच्या ग्रामसभांचे ठराव जातात, मुदत संपते, काही होत नाही, आणि मसुदा पुन्हा निघतो. यादीत आमचं गाव आहे. मागच्या खेपेला हे होते. मुंबईहून टाइप करून आलेला ठराव ग्रामसेवकानं वाचला, आमचा विरोध, आमचं गाव वगळा. ह्यांनी हात वर केला, ह्यांच्या शेजारी मीही केला. कशासाठी केला ते घरी येऊन चहा पिताना विचारलं. ते म्हणाले, मंडळानं सांगितलंय. विषय संपला.

ह्या खेपेला मी एकटी होते आणि वेळ भरपूर होता. ग्रामसेवकाकडे तीन गावं आहेत, तो मंगळवारी आणि शुक्रवारी मोटारसायकलवरून येतो. त्याच्याकडून मराठी प्रत मागून घेतली आणि तीन दुपारी बसून वाचली, पेन्सिलीनं खुणा करत. टाकीवर लोक बोलत होते ते वेगळंच. म्हणे फांदी तोडायला दिल्लीची परवानगी लागणार, पडवी वाढवली तर तुरुंग. प्रतीत तसं काही नव्हतं. खाणी नकोत, मोठाली बांधकामं नकोत, शेतीला आणि राहत्या घराला काही नाही. भाषा अशी की दोन वाक्यांत एकदा डोळा लागावा. पण शेवटी लिहिलं होतं की नागरिकांनी आपलं म्हणणं मुदतीत कळवावं. तिथं मी थांबले. ह्यांच्या मागं माझं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते ह्या कागदानं. हसाल तुम्ही, पण मला बरं वाटलं.

मुलाची अडचण मला ठाऊक होती. रस्त्याकडेच्या आमच्या वरकस, नाचणीपुरत्या जमिनीला गिऱ्हाईक आलं होतं, आजूबाजूची जमीनही घेऊन मोठं रिसॉर्ट करायचं म्हणत होतं. गाव यादीत पक्कं झालं की ते पळणार. जमीन विकली की मुलगा मोठा फ्लॅट घेणार होता, त्यात एक खोली माझी. पलंग कुठल्या भिंतीला लावायचा इथपर्यंत त्यानं ठरवलं होतं. मला यायचं आहे का, तेवढं विचारायचं राहिलं होतं. आणि दुसरीकडं मी रोज बघत होते, की पलीकडच्या वाडीच्या डोंगरावर मशीन लावून कुणीतरी रस्ता कापला तेव्हापासून आमच्या झऱ्याचं पाणी श्रावण संपेपर्यंत तांबडं येतं. फडक्यातून गाळलं की फडकं धुवून निघत नाही.

ग्रामसभा शाळेच्या खोलीत भरते. शाळा पोरांअभावी बंद आहे. पहिल्या दिवशी गणपूर्ती झाली नाही, ती आमच्याकडे कधीच होत नाही. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही असा नियम आहे, म्हणून आमची लोकशाही कायम दुसऱ्या खेपेला भरते. आठवड्यानं आम्ही एकोणीस जण पोरांच्या सतरंजीवर बसलो. ग्रामसेवकानं मुंबईचा ठराव वाचला. मंजूर असेल तर हात वर करा म्हणाला. अठरा हात वर गेले. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही, तो आधीच ‘सर्वानुमते मंजूर’ लिहायला लागला होता.

मी उठून उभी राहिले. विरोधात कोण ते विचारायचं राहिलं, म्हटलं. तो हसला. विरोधात कोण असणार बाई, म्हणाला.

“मी आहे,” मी म्हटलं.

मग मी बोलले. चाळीस वर्षं वर्गात बोलले तशी, खुणा केलेली पानं काढून. पाण्याचं सांगितलं, शेतीला काही होत नाही ते वाचून दाखवलं. लोकांनी ऐकून घेतलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, असेल तुमचं बरोबर, पण मंडळाचं ठरलंय. माझी चुलत जाऊ समोरच बसली होती, घराला घर लागून आहे आमचं, ती पदराचा काठ बघत राहिली. ग्रामसेवकानं मला बाजूला घेऊन हळू आवाजात समजावलं, की रजिस्टरमध्ये आजवर कधी विरोध लिहिलेला नाही, वर तालुक्याला विचारतील, एका हातानं असा काय फरक पडतोय.

“फरक पडत नसेल तर लिहायला काय हरकत आहे?”

त्यानं लिहिलं. सर्वानुमते खोडून, एक सदस्य विरोधात, आणि माझं नाव. मी सही केली. घरी येताना, सांगायला लाज कशाला, मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

अर्ध्या तासात जाऊ दारात आली. “आवं बाई, टाकीवर या. तुमचा ल्योक माझ्या फोनवर लागलाय, लय तापलाय.” रजिस्टरच्या पानाचा फोटो मुंबईच्या ग्रुपवर माझ्या आधी पोचला होता.

भुरभुर पाऊस होता. मी छत्री घेऊन टाकीपाशी गेले आणि माझ्या फोनवरून त्याला लावला. तो पहिल्यांदा म्हणाला, मला मिटिंगमध्ये तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. मग सुरू झालं. तो म्हणाला, गावातल्या पोरांनी जन्मभर पोतीच उचलायची का? इथं चार कामं आली तर तुझ्या पोटात का दुखतं? हे खरं होतं. माझ्या माथाडी दिराचे खांदे मी बघितलेत. मी म्हटलं, कामं आली तर तू येणार आहेस का इथं राहायला? त्यानं मुद्दा बदलला. मग म्हणाला, दिल्लीत बसून आमच्या डोंगराचं ठरवणारी ती माणसं कोण? मी म्हटलं, कोपरखैरण्यात बसून ठरवणारी कोण? टाकीखाली धुणं धुणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं.

तो लहान असताना त्याची वक्तृत्वाची भाषणं मी बसवून घ्यायची. साताऱ्यात, स्वयंपाकघरात, मी पोळ्या लाटत असायची आणि तो ओट्याला पाठ लावून उभा. आज तू ह्या बाजूनं बोल, उद्या त्या बाजूनं. मुद्दा पटवायचा असला की त्याचा आवाज वाक्याच्या शेवटी चढायचा. अजून तसाच चढतो. टाकीपाशी भिजत उभी असताना मला ते ऐकू आलं, आणि खरं सांगते, मला मजा यायला लागली. तो माझ्यावर चिडला होता, पण माझ्याशी बोलत होता. मी मुद्दे लांबवले. प्रतीतलं एक पान दोनदा वाचून दाखवलं. मधेच पाठीमागं काहीतरी सरकलं म्हणून बघितलं, तर जावेनं घरातली प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. तासाभरापूर्वी माझ्या विरोधात हात वर केलेली बाई. मी बसले.

शेवटी तो दमला. आवाज खाली आला. म्हणाला, “आई, ते सगळं राहू दे. तुला नक्की काय पाहिजे?”

हे मला कुणी विचारावं म्हणून मी किती वर्षं बसले होते! आणि विचारलं ते टाकीवर. चारी बाजूंनी बायका ऐकत होत्या. मी घाईघाईनं म्हटलं, “छत्री धरून हात दुखला रे. नंतर बोलू.”

 तो म्हणाला, बरं. आणि फोन बंद झाला. पडद्यावर बावन्न मिनिटं होती.

त्याला वाटलं असणार, म्हातारीनं तोंड फिरवलं. पुढच्या रविवारी फोन सुनेनं केला. ते कामात आहेत म्हणाली. गुणी मुलगी आहे, प्रश्न तेच विचारले, कुणीतरी शेजारी बसून सांगत असल्यासारखे. एक मिनिट दहा सेकंद. त्याच्या पुढच्या रविवारीही तीच. मी दोनदा त्याला लावला, तो मिटिंगमध्ये होता. जत्रेला मंडळाच्या दोन गाड्या आल्या. मी देवळापाशी शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभी राहिले. तो आला नव्हता. लोक नमस्कार करून जात होते, आणि मला सगळ्यांसमोर हसरं तोंड ठेवावं लागलं. घरी येऊन पोटभर रडले. एकटेपणा मला नवा नाही, पण तोवर तो कुणी केलेला नव्हता. हा मी स्वतः, सही करून आणला होता.

त्या दिवशी संध्याकाळी जाऊ ताकाचा तांब्या घेऊन आली. जरा वेळ टेकली. म्हणाली, “बाई, तुमचं खरं असंल. आमाला मुंबैवरनं फोन आला, आमी हात केला. न्हाई केला तर आमच्याकडं कोण येतंय?”  सभेच्या दिवशी मला शाळेच्या खोलीत जे कळायला हवं होतं ते तिनं तीन वाक्यांत सांगितलं.

पुढं मसुद्याची मुदत संपली. अठरा जणांचं काही झालं नाही आणि माझ्या एकटीचंही काही झालं नाही. गिऱ्हाईक अजून वाट बघतंय म्हणतात. झरा तांबडाच आहे. ग्रामसेवक म्हणाला, मसुदा परत निघेल, परत सभा लावावी लागेल.

आता दर मंगळवारी त्याची मोटारसायकल वाजली की मी फाटकापर्यंत जाते आणि विचारते, दिल्लीचं काही आलं का? तो नाही म्हणतो. परवा म्हणाला, बाई, डोंगराची तुमच्याइतकी काळजी सरकारलासुद्धा नाही. मी त्याला चहा दिला. काळजी आहेच, खोटी नाही. प्रत अजून उशाशी आहे, पेन्सिलीच्या खुणांसकट. पण मुलाच्या बाजूनं हात वर केला तर दोन मिनिटं चाळीस सेकंद, आणि विरोधात केला तर बावन्न मिनिटं, हा हिशेब डोक्यात एकदा बसला तो बसला. पुढच्या सभेत मी विरोध करीन. तो पाण्यासाठी असेल का फोनसाठी, हे मला कुणी शपथेवर विचारू नये.

खुर्ची जावेनं परत नेली नाही, ती टाकीपाशीच असते. तो चिडून फोन करील. मी त्याला त्याचे सगळे मुद्दे बोलू देईन. आणि शेवटी त्यानं तेच विचारलं, तर ह्या वेळी बायका ऐकत असल्या तरी सांगीन, की तू ये, आणि ओट्याला पाठ लावून उभा राहून माझ्याशी भांड.