दत्तूचे दोन उमेदवार

कंपनीत नोकरीला लागलं की पैसा साठो न साठो, किस्से मात्र साठतात. मशीनखाली लोखंडाचा कीस साठतो तसे, आणि झाडायला कुणाला वेळ नसतो. आमच्या चाकणच्या कंपनीतले बहुतेक किस्से हसायचे आहेत. युनियनच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे सांगायला बसलो की मात्र हसू अर्ध्यात थांबतं. तरी सांगतो.

आमचे अध्यक्ष वर्षानुवर्षं तेच. कुठलीही तक्रार घेऊन जा, खांद्यावर हात ठेवून म्हणणार, "विषय मांडलाय." कँटीनच्या डाळीत नुसतं पाणी? विषय मांडलाय. बसच्या खिडक्या लागत नाहीत? विषय मांडलाय. पेंट शॉपच्या एकाने त्यांना मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर पत्रिका न उघडताच म्हणाले, "काळजी करू नका, विषय मांडलाय."

*

यंदा त्यांच्या विरोधात दोघे उभे राहिले. एक प्रेस शॉपचा गुलाबभाऊ. पुनावळ्याचा, जुन्या घरातला, आवाज असा की पत्रा ठोकणारी प्रेस चालू असतानाही ऐकू यावा. दुसरा टूल रूमचा माधव. लातूरकडचा, हळू बोलणारा, प्रत्येक वाक्याला कायद्याचं कलम जोडणारा.

कंपनीच्या बसमध्ये दोघांची तुलना चालायची. डावीकडे गुलाबभाऊची माणसं बसायची, उजवीकडे माधवची.

"आमचा भाऊ बोलाय लागला की मॅनेजर खुर्चीतनं उठतो."

"उठून बाहेर जातो. माधव बोलला की शेवटपर्यंत बसून असतो."

"झोपलेला असतो, भावा."

मागच्या सीटवरून एकाने विचारलं, "आणि अध्यक्ष बोलले की?"

"ते कुठं बोलतात? मॅनेजर बोलतो, ते मान हलवतात."

त्यावर दोन्ही बाजू एकदम हसल्या. त्या निवडणुकीत विरोधकांची एकी मी तेवढीच पाहिली.

*

या सगळ्या भांडणाच्या मुळाशी होता तो दत्तू. त्याच्या प्रेसचा गार्ड तुटला होता. हात आत जाऊ नये म्हणून असतो तो. दुरुस्त होईपर्यंत मशीन चालवणार नाही म्हणाला आणि बटण बंद करून उभा राहिला. उत्पादन थांबवलं म्हणून सस्पेंड झाला. चौकशी अजून चालूच होती.

सस्पेंड झालेल्या माणसाने रोज गेटवर येऊन सही करायची, नाहीतर अर्धा पगारही बंद. सही करायची आणि परत जायचं. दत्तू परत जायचा नाही, समोरच्या टपरीवर बसून राहायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "आत घेत न्हाईत अन् दुसरीकडं जाऊ देत न्हाईत. मंग बसतो मधीच."

निवडणुकीनंतर लगेच नवा करार व्हायचा होता. कंपनीला त्यात दत्तू कायमचा बाहेर हवा होता. अध्यक्ष मान हलवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे अध्यक्ष पडले तरच दत्तूची नोकरी राहणार होती. तो अख्ख्या प्रेस शॉपच्या बोटांसाठी उभा राहिला होता, आणि आम्ही बसमध्ये भाषणांना मार्क देत होतो. मला अजून त्याची शरम वाटते.

*

दोघांनी प्रचाराचा नारळ एकाच दिवशी, दत्तूच्या शेजारी उभं राहून फोडला. पहिली शिफ्ट सुरू व्हायच्या आधी गुलाबभाऊने, सुटल्यावर माधवने. रात्रीपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर दोन फोटो. उमेदवार वेगळे, मधला दत्तू तोच, शर्टही तोच.

टपरीवाला त्याला म्हणाला, "राव, तूच का न्हाई उभा राहत? दोन्हीकडं तूच हाईस."

"सस्पेंड माणसाला उभं राहता येत न्हाई," दत्तू म्हणाला. "फोटोत चालतो."

*

दोघे उभे राहिले तर मतं फुटून अध्यक्षच येणार, म्हणून आम्ही काही जणांनी मध्यस्थी केली. देहूला, इंद्रायणीकाठच्या एका हॉटेलात दोघांना समोरासमोर बसवलं. पगारवाढीवर एकमत झालं. कँटीनवर झालं. दत्तूला कामावर घेणं ही पहिली मागणी, यावर तर दोघांनी हातात हात दिला. उरला एकच प्रश्न, उभं कुणी राहायचं.

"मी सांगायलो ना, गुलाबभाऊनी माघार घ्यावी. मी उपाध्यक्ष करतो त्यांना," माधव म्हणाला.

"त्येच मी तुला करतो," गुलाबभाऊ म्हणाला.

मी म्हटलं, चिठ्ठी टाकू. गुलाबभाऊ म्हणाला, "टाका. पण त्याचं नाव निघालं तर परत टाकायची."

*

अध्यक्षांनी प्रचारच केला नाही. एकदा कँटीनमध्ये आले, आमच्या टेबलावर बसले. मी दत्तूचं विचारलं. विषय मांडलेला होताच. मतं मागायला आलात का, असं एकाने खवचटपणे विचारलं.

"छे, छे," ते म्हणाले. "फक्त ते दोघे उभे राहतील एवढं बघा."

*

अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस आला. माधवची दुसरी शिफ्ट होती, गुलाबभाऊची पहिली. संध्याकाळी युनियनच्या बोर्डावर कागद लागला: अध्यक्ष बिनविरोध.

माधवने आत शिरायच्या आधी अर्ज मागे घेतला होता आणि गुलाबभाऊने बाहेर पडल्यावर. अर्ज घेणारा म्हातारा म्हणाला, "मला कुणी विचारलं न्हाई, मी कुणाला सांगितलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना दोघे टपरीसमोर भेटले. कित्येक दिवसांनी एकमेकांशी बोलत होते.

"तू कशाला मागं घेतलंस?" गुलाबभाऊने विचारलं. आवाज पार बसलेला.

"दत्तू घरी आला होता. पाया पडला. तुम्ही दोघं उभे राहिलात तर मी गेलो म्हणाला."

"माझ्याबी घरी आल्ता. हेच म्हणला."

दोघांनी बाकावर बसलेल्या दत्तूकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. दत्तूने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"एक तरी ऐकंल म्हणून दोघांकडं गेलो, राव," तो म्हणाला. "आजवर माझं कुणीच ऐकलं न्हवतं."