बराहाय आत्याची मुलाखत

आमच्या आत्याला आयुष्यात कधी काही कमी पडलं नाही. निदान तिच्या तोंडून तरी तसं कुणी ऐकलेलं नाही. दिवाळे गावात तिच्या दारात जाऊन विचारावं, "आत्या, कसं चाललंय?" की उत्तर ठरलेलं, "आमचा काय, बरा हाय." नवरा गेला तेव्हा बरा हाय, होडी विकली तेव्हा बरा हाय, गुडघ्यानं बसणं-उठणं बंद केलं तेव्हाही बरा हाय. मूलबाळ नव्हतं, त्याबद्दल कुणी हळहळलं तर त्या बाईलाच उलट विचारायची की तुझी पोरं विचारतात का तुला. गावातली पोरं तिला बराहाय आत्या म्हणायची. तिला ते माहीत होतं आणि त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं.

ती सुकी मासळी विकायची. जवळा, बोंबील, थोडी कोलंबी. ओट्यावर पसरलेल्या जवळ्याला हात लावला तर माझ्या हातावर चापटी बसायची आणि निघताना त्याच जवळ्याची पिशवी हातात पडायची. मी दिवाळीला तिला एक साडी आणि अर्धा किलो पेढे नेत असे आणि आपण केवढं करतो अशा थाटात नेत असे. परत येताना माझ्या पिशवीत त्या साडीहून जास्त किमतीचं सुकं असायचं. हा हिशोब माझ्या बायकोनं मला दाखवून दिला. मला तो पंधरा वर्षांत सुचला नव्हता, आणि मी कंपनीत स्टोअरकीपर आहे.

गुडघे गेल्यावर बाजारात बसणं सुटलं. तेव्हा आम्ही तिला नावड्याला आमच्याकडे आणलं. एक बेडरूम, चार माणसं, त्यात पाचवी आत्या. पाचव्या दिवशी ती पिशवी भरून दारात उभी. म्हणाली, तुमच्याकडं वास येतो. तळोज्याच्या कारखान्यांचा वास आम्हाला आता येत नाही, सवयीनं. पण जन्मभर जवळ्यात राहिलेल्या बाईनं त्याला नाक मुरडावं, यावर बायको दोन दिवस हसत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, वासाचं नाव पुढे केलं हो त्यांनी, आपला मुलगा स्वयंपाकघरात झोपतो ते बघवलं नाही त्यांना.

पैसे द्यायला गेलो तर घेईना. "भाच्याला द्यायचा असतो, भाच्याकडून घ्यायचा नसतो," हे तिचं शास्त्र. मी पाकीट डब्याखाली ठेवून यायचो. पुढच्या खेपेला तेच पाकीट माझ्या जवळ्याच्या पिशवीत, जवळ्याचा वास लागून परत. शेवटी वैतागून मी निराधार पेन्शनचा विषय काढला. मला वाटलं, आता काठी घेऊन उठेल. पण आत्या विचार करून म्हणाली, "सरकारचा घेईन. सरकार काय माझा भाचा नाय." म्हणजे जगात एकाच ठिकाणचा पैसा ती घेणार होती, आणि तो तिला मिळवून देणं आता माझ्याकडे आलं होतं.

कागद गोळा करण्यात तीन महिने गेले. त्याबद्दल लिहीत नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी केलं नाही त्यांना पुढेमागे कळेलच. एवढं झाल्यावर कळलं की आता कार्यालयात बोलावत नाहीत, साहेब मोबाइलवरच मुलाखत घेतात. अर्जदारानं ठरल्या वेळी व्हिडिओ कॉलवर यायचं, साहेब प्रश्न विचारतात, घर बघतात, आणि ठरवतात. मी अर्धा दिवस रजा टाकली. आत्याला शिकवलं की विचारतील तेवढंच बोल, खरं बोल आणि कृपा करून बरा हाय म्हणू नकोस. आमच्याकडे ऑडिटवाले आले की मी स्वतः कपाटाआड उभा असतो, ही गोष्ट वेगळी.

घरात रेंज नव्हती म्हणून ओट्यावर बसवलं. फोन मी हातात धरला. साहेब तरुण होते, दमलेले दिसत होते, सकाळपासून अशा किती म्हाताऱ्या त्यांनी पाहिल्या असतील कोण जाणे. त्यांनी नाव विचारायच्या आत आत्यानं त्यांना विचारलं, जेवलास का. साहेब गोंधळले, नाही म्हणाले. मग आत्यानं त्यांना जवळ्याची चटणी खायला यायचं आमंत्रण दिलं. मी फोनमागून डोळे वटारत होतो. साहेबांनी विचारलं, आजी, तुमचं भागतं कसं? आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "भागतो," म्हणाली. एवढ्यावरही निभावलं असतं.

"आजी, तुम्हाला सांभाळणारं कोणी आहे का?"

आत्यानं माझ्या हातातला फोन घेतला आणि माझ्या तोंडाकडे फिरवला. "हाय ना. ह्यो बघा, माझा भाचा. कंपनीन हाय. ह्योच बघतो मना."

मी थेट कंपनीतून आलो होतो. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की नाही हो साहेब, मी वर्षाकाठी एक साडी देतो फक्त. पण आत्या शेजारून माझ्याकडे अशी पाहत होती, जशी माणसं आपल्या बांधलेल्या घराकडे पाहतात. मी सवयीनं नमस्कार केला. साहेबांनीही केला. महिन्याभरानं कागद आला: अर्ज नामंजूर. कारण: अर्जदाराचा सांभाळ भाचा करतो.

मी तो कागद घेऊन तणतणत दिवाळ्याला गेलो. आत्यानं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाली, "मंग काय सांगू? तू समोर बसलास, नि मी म्हनू मना कोनी नाय? जित्या मानसाला मेल्यात मोजू?" तिच्या समजुतीनं नाही म्हटलेलं माणूस नाहीसं होतं. आमच्या घरांत दिवा विझला म्हणत नाहीत, तेल संपलं म्हणत नाहीत, डबा रिकामा झाला तर तो भरला असं म्हणतात. ती त्याच चालीची बाई. आणि हे सरकार तिच्याकडून नेमकं तेच वाक्य मागत होतं.

सहा महिने गेले. मधे एकदा न सांगता गेलो तर चुलीवर भांडं उकळत होतं. झाकण उघडलं तर नुसतं पाणी. आत्या म्हणाली, अंघोळीचा हाय. दुपारचे दोन वाजले होते. मी झाकण ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज केला.

दुसऱ्या मुलाखतीला फोन ओट्यावर पाट्याला टेकवून ठेवला. आत्यानं मला जवळ बोलावलं. "तू जा. लांब जा. तुला आयकू येईल असा उभा राहू नको." मी जेट्टीकडे निघालो, आणि दहा पावलांवर वाळत घातलेल्या जाळ्यामागे थांबलो. लांब जा म्हटल्यावर मी आयुष्यात कधीच फार लांब गेलेलो नाही, आणि फार जवळही कुणाच्या थांबलेलो नाही.

साहेब दुसरे होते. आवाज येत होता. मागच्या वेळी भाचा दिसतोय की रेकॉर्डला, म्हणाले. आत्या म्हणाली, तो त्याच्या घरान, त्याला त्याची पोरा हायत. मग साहेबांनी तो प्रश्न विचारला. आत्यानं आधी जेट्टीकडे वळून पाहिलं, मी गेलोय ना ते.

"मना कोनी नाय, सायेब."

जरा मोठ्यानं बोला आजी, साहेब म्हणाले. तिला ते पुन्हा बोलावं लागलं.

कॉल संपला तशी तिनं मला हाक मारली. मी जेट्टीवरून आल्यासारखा आलो. ओट्यावर बस म्हणाली. आतून मूठभर मीठ आणि सुक्या मिरच्या घेऊन आली. गुडघ्यावर हात ठेवत, भिंतीला धरत, माझ्या भोवती सात वेळा मूठ फिरवली. मी बावन्न वर्षांचा, दोन मुलांचा बाप, गळ्यात निळी पट्टी, आणि दृष्ट काढून घेत बसलो होतो. तिनं मूठ चुलीत टाकली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मिरच्यांचा ठसका आला नाही तर अपाय मोठा, अशी समज आहे. मला असा ठसका आला की डोळ्यांतून पाणी थांबेना. आत्याचा चेहरा उजळला. "माझा बोल लागला नाय तुला," म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

पेन्शन मंजूर झाली. मग दरवर्षी हयातीचा दाखला, तोही मोबाइलवरच. कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकावायचे, की माणूस जिवंत. आत्या नवी साडी नेसून, अंबाड्यात फूल घालून बसायची आणि डोळे मिचकावायचे सोडून ताठ बघत राहायची. परक्या माणसाला डोळा मारू काय, हे तिचं म्हणणं. चार-पाच वेळा नापास होऊन आम्ही दोघं दमायचो. मग तिला हसू यायचं, डोळे आपोआप मिटायचे, आणि ती वर्षभरासाठी जिवंत ठरायची. अशी ती पाच वेळा ठरली.

गेल्या वर्षी ती गेली. दुपारी जवळा निवडताना. पेन्शन बंद करायला मी कार्यालयात गेलो, मृत्यूचा दाखला पुढे केला. खिडकीतल्या बाईंनी संगणकात पाहिलं. "यांना तर कोणी नाही असं आहे. तुम्ही कोण?"

भाचा, म्हणालो. काही पुरावा आहे का, त्यांनी विचारलं. आडनावं वेगळी, पत्ते वेगळे. मी पिशवीतली, तिच्याच घरातून आणलेली जुनी फाइल उपसत बसलो. तिच्या आणि माझ्या नात्याचा सरकारी शिक्क्याचा एकच कागद निघाला. बाईंनी तो वाचला: अर्जदाराचा सांभाळ भाचा करतो. मग माझ्याकडे पाहिलं.

"तो तुम्हीच ना?"

या खेपेलाही मला खरं बोलता आलं असतं. मी नमस्कार केला.

बाई म्हणाल्या, हा मूळ कागद फाइलला लावावा लागेल. खिडकीशी हुज्जत घालणाऱ्यांतला मी नव्हे. पण त्या दिवशी अर्धा तास घातली, आणि त्यांना झेरॉक्स देऊन मूळ कागद घरी घेऊन आलो. बायकोनं विचारलं, तो नामंजुरीचा कागद कशाला जपून ठेवताय? मी म्हणालो, असू दे. त्याला अजून जवळ्याचा वास येतो.