"घर रिकामंच समजा"

मंडळी, सकाळपासून एक वाक्य कानात अडकून बसलंय.

नालवाडीत आम्ही किरायाने राहतो. घरमालक काका आता घर विकून मुलाकडे पुण्याला चाललेत. घर त्यांचं, मर्जी त्यांची. त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पण आज मी पोळ्या करत होते आणि काका न सांगता एका नवराबायकोला घेऊन थेट आत आले. सासूबाई तापाने झोपलेल्या, त्या खोलीचं दार ढकलून म्हणाले, "या न भाऊ, पाहून घ्या. घर रिकामंच समजा."

माझ्या हातात लाटणं, तव्यावर पोळी, आणि घर रिकामं!

मी म्हटलं, "काका, आमी राहून राह्यलो न इथं! यायच्या आधी एक फोन तं करत जा. आन् घेणाऱ्यालेबी सांगा, आमचा करार अजून बाकी आहे."

काका गडबडले. "नाई वं बेटा, मले तसं नव्हतं म्हणायचं."

खरंच नसेल. मागे सासूबाईंना दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं.

घर पाहायला आलेली ती बाई मात्र दाराबाहेर गेली, चपला काढल्या आणि म्हणाली, "आमीबी किरायानंच राह्यतो, ताई. आत येऊ का?"

मग मी सगळ्यांसाठी चहा ठेवला.

जाताना काका चष्मा विसरले. घ्यायला परत आले तेव्हा दार सताड उघडं होतं, तरी त्यांनी बाहेर थांबून कडी वाजवली.

तुमच्याकडे वाजवतात का हो?