टीचर आणि बाय

आमच्या घरात 'आई' अशी हाक कधी ऐकू आली नाही. आया मात्र दोन होत्या. एक पोरीला जन्म देणारी, दुसरी मी. तिचा नवरा खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्यानं भलत्याच बाईशी घर मांडलं, तेव्हा ही पोटुशी होती. शिरगावातलं बिऱ्हाड मोडून ती डिचोलीला माझ्याकडे आली ती कायमची. लोक आम्हाला मैत्रिणी म्हणत. म्हणोत बापडे. आम्ही संसार करत होतो, भांडणांसकट.

बारशाला तिची आत्या पेडण्याहून आली. माझ्या मांडीवरची पोर उचलून घेत ती म्हणाली, "पोराक हिका मावशी म्हणूक शिकय हां. आवय एकच आसता." आई एकच असते म्हणे! मी तोंडाची फटकळ, पण घरात चार पाहुणे. मग भांडी घासताना पातेली आपटली तेवढीच.

मला 'माई' म्हणवून घ्यायचं होतं. खोटं कशाला बोलू, फार फार वाटायचं. पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की मी पोरीपुढे कांकण धरायची, म्हणजे तो बांगडीसारखा कडक पाव. "माई म्हण, मग देते." ती कांकण हिसकावून घ्यायची आणि हसायची. लबाड कुठली!

घरातली मोठी माणसं जी हाक मारतात तीच पोरं उचलतात. काका 'वहिनी' म्हणतात म्हणून सख्ख्या आईलाही 'वहिनी' म्हणणारी पोरं आमच्या वाड्यावर होतीच. ही कारापूरच्या शाळेत शिकवायची, म्हणून मी तिला चिडवायला 'टीचर' म्हणायची. ती मला 'बाय' म्हणायची. पोरीनं दोन्ही उचललं. पोटच्या आईला टीचर! आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. मला हसू आलं, पण सुख नाही लागलं. बाय मला वाड्यावरची शेंबडी पोरंसुद्धा म्हणत. त्यात माझं असं काय होतं?

पोर शाळेत जायला लागल्यावर एकदा गोठ्याजवळ पडलेल्या पत्र्यावर आपटली. गुडघा चांगलाच फाटला. उचलून दवाखान्यात नेली. नर्स म्हणाली, "आईनं तेवढं आत या." टीचर आत गेली. मी बाहेर राहिले, हाताला पोरीचं रक्त घेऊन.

आत सुई टोचली असावी. साधी ठेच लागली तरी माणसाच्या तोंडून "आई गो" निघतं. आई केव्हाच देवाघरी गेलेल्या म्हाताऱ्याच्याही निघतं. आमच्या पोरीची किंकाळी आली, "बाय गोऽऽ!" आणि पुन्हा, "बाय गोऽऽ!"

पडदा सारून टीचर बाहेर आली. डोळे भरलेले, आणि खेकसली माझ्यावरच, "हंय उभी काय रवलंस गो? पोर तुझ्या नावान बोंब मारता!"

मी आत घुसले. पोरीचं डोकं पोटाशी घट्ट धरलं. टाके संपेपर्यंत ती तशीच ओरडत राहिली आणि मी तिच्यापेक्षा मोठ्यानं रडले. नर्सला वाटलं, मला रक्त बघवत नाही.