एकवीस विरुद्ध एक

अमेरिकेत बेसबॉलची एक टीम एकवीस विरुद्ध एक अशी आपटली, त्याला मी जबाबदार आहे.

झालं असं की लग्नानंतर जावई पहिल्यांदाच इंदूरला आले. रोहनराव मूळचे पुण्याचे, नोकरीला अमेरिकेत, आणि तिथल्या टीमचे एवढे भक्त की सासुरवाडीतही लॅपटॉपवर मॅच! गणपती तीन दिवसांवर. माझ्या मुलीला, मुग्धाला, इथंच राहायचं होतं. पुण्याहून विहीणबाईंचे फोनवर फोन. शेवटी रोहनराव हसत म्हणाले, "उद्या आमची टीम जिंकली तर गणपती इंदूरला, हरली तर पुण्याला."

ते हसत म्हणाले. मी कंबर कसली.

आमच्या घरी क्रिकेटचा एक कायदा आहे: आपली रन निघाली की जो जिथं असेल त्यानं तिथंच राहायचं. (सासरे एकदा अख्खी फायनल जिन्यात बसले होते. जिंकलो!)

सकाळी साडेसातला मॅच सुरू झाली. पांढऱ्या कपड्यांतले आपले, हे मला पक्कं ठाऊक होतं. रोहनरावांचा तसला शर्ट मीच धुतला होता. पंधरा मिनिटांत एका पांढऱ्यानं चेंडू असा हाणला की थेट प्रेक्षकांत!

"हलू नका!" मी ओरडले.

आमचे हे गणपतीची झालर लावायला स्टुलावर चढलेले, तोंड भिंतीकडे. "अगं, उतरू तरी दे!"

"अजिबात नाही!"

मुग्धा पोहे-जलेबी आणायला गेलेली. तिला फोन केला, "दुकानातच उभी राहा!"

"आई यार, इथे सब लोक बघतायत!"

"बघू देत!"

आणि रोहनराव? ते आंघोळीला गेले होते. मी बाहेरून कडी घातली.

"आई, कडी लागली वाटतं!"

"लागली नाही, लावली! जिंकतोय आपण!"

"मग राहू द्या, राहू द्या!"

पाच झाल्या, नऊ झाल्या, चौदा झाल्या. मी दारातून आकडा ओरडायची, आतून जावई बादली बडवायचे. ह्यांचे गुडघे लटपटायला लागले. "गणपती हवाय ना घरात? मग सोसा!" मी म्हटलं. समोरच्यांची एकच रन निघाली, तेव्हा मी ह्यांच्यावरच डाफरले. हलले असणार!

एकवीस-एकला मॅच संपली. कडी काढली. रोहनराव टॉवेल गुंडाळून नाचतच आले, लॅपटॉप बघितला आणि थिजले.

"आई... पांढरे आपले नाहीत. दुसऱ्याच्या गावी खेळताना आमची टीम करडे कपडे घालते."

स्टुलावरून ह्यांनी विचारलं, "म्हणजे मी उतरू का?"

मला रडूच फुटलं. तीन तास घाम गाळून मी गणपती पुण्याला पाठवला होता! माझं तोंड बघून रोहनरावांनाच दया आली. "ह्याच दोघांची उद्या पुन्हा मॅच आहे. आणखी एक चान्स घेऊ. पण करड्यांची पहिली रन निघेल तेव्हा कोण कुठे असेल, ते मी ठरवणार."

म्हणून आत्ता हे मी बाथरूममध्ये, पालथ्या बादलीवर बसून लिहितेय. बाहेर करडे आठ-शून्यनं पुढे आहेत, माझ्या वाटणीची जलेबी हे खातायत आणि मी हाका मारूनही कोणी कडी काढत नाहीये. गणपतीची स्थापना इंदूरलाच होणार, हे नक्की. माझी तेवढी आधी झाली!