यासीनमिस्त्रींनी न पाहिलेली गाडी

यासीनमिस्त्रींची आणि माझी पहिली गाठ मुरुडला एका मोटारीपाशी पडली. संस्थान विलीन होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि मोटारखान्यातल्या विलायती गाड्या एकेक करून विकायला निघाल्या होत्या. मी तेव्हा माणगावच्या एका भातगिरणीवाल्या शेठकडे ड्रायव्हर होतो. शेठना गाडी पसंत पडली होती. दलाल शपथेवर सांगत होता, "सगळी मूळची आहे, एक खिळा बदललेला नाही." मोटारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेले मिस्त्री गाडीखालून बाहेर आले, मागच्या सीटची शिवण उसवली आणि आतून मूठभर काथ्या काढून शेठच्या हातावर ठेवला.

"विलायतेत सीटमध्ये घोड्याचे केस भरतात, शेठ. तिकडं नारळ व्हतात काय?"

शेठनी गाडी मात्र घेतली, कारण इंजिन अस्सल आहे आणि काथ्याने बूड दुखत नाही, हेही मिस्त्रींनीच सांगितलं. त्याच महिन्यात मी माणगाव सोडलं आणि त्यांच्या हाताखाली शिकायला राहिलो. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. मी चाचा म्हणतो.

बाहेरून गाड्या आणि सुटे भाग येणं पुढे जवळजवळ थांबलंच. जुनी गाडी घ्यायची तर तिच्यातलं मूळचं काय आणि मागाहून घातलेलं काय, हे सांगणारा माणूस हवा. आपल्या किनाऱ्यावर तो एकच होता. चेसीवरची नंबराची पट्टी रिव्हेटने बसवली आहे की स्क्रूने, नटाला विलायती पाना नीट बसतो की खेळतो, दाराच्या अस्तराखाली कुठला रंग आहे, हे सगळं चाचा बघत. त्याआधी ते गाडीची खालची बाजू घासलेटाने धूत. "धुतल्याबिगर कुठल्याच भागाला अस्सल म्हणायचा न्हाय," हा त्यांचा पहिला धडा. मग गिऱ्हाइकाला कागद मिळे. डावीकडे मूळचे भाग, उजवीकडे बदललेले, खाली चाचांची सही. त्या सहीवर लोक डोळे मिटून गाडी घेत.

चाचांच्या सख्ख्या मावसभावाने एकदा गाडी विकायला काढली. उजवीकडची यादी मावेना, तेव्हा चाचांनी कागद उलटा करून मागे लिहिली. मावसभाऊ वर्षभर बोलला नाही. मी म्हटलं, "चाचा, घरच्या माणसासाठी थोडं तरी..."

"अरे, भाग बदलला ही काय चोरी न्हाय. जुना झाला, बदलला. बदलून न सांगणं ही चोरी हाय."

चाचांच्या साठीच्या गौरव अंकासाठी समितीने माझ्याकडे 'मिस्त्रींचे कार्य' या विषयावर लेख मागितला आहे. कार्य इथवर झालं. पण यापुढचं लिहिल्यावाचून माझी सुटका नाही.

म्हसळ्याच्या डॉक्टरांना दूरच्या गावांतले रोगी बघायला गाडी हवी होती. गाडी बघायच्या दिवशी चाचा तापाने फणफणले होते. त्यांनी कोऱ्या कागदावर सही करून तो माझ्या हातात दिला. "तू बघ आन् तू भर. माझ्यापेक्षा तुझी नजर तेज हाय."

मी गेलो. अंगावर नवा सदरा होता, कारण तिथूनच मला माझ्या लग्नाची बोलणी करायला जायचं होतं. म्हणून घासलेटाचा डबा मी उघडलाच नाही. पुढची चाकं वळवणाऱ्या लोखंडी दांड्यावर जुना, काळा, कडक मळ होता. माझ्या मनाने घेतलं, इतका जुना मळ म्हणजे याला कुणाचा हात लागलेला नाही. मळाला मासळीचा वास येत होता. आमच्या मुरुडात कशाला येत नाही? मी दांडा डावीकडे, मूळच्या यादीत लिहिला.

दोन महिन्यांनी म्हसळ्याच्या घाटात तो दांडा तुटला आणि गाडी खाली गेली. डॉक्टर वाचले, पण त्यांचा उजवा हात कोपरापासून कापावा लागला. ते गाव सोडून सासुरवाडीला गेले. त्यानंतर कित्येक वर्षं म्हसळ्यात डॉक्टर टिकला नाही.

चाचांनी दांड्याचा तुटका तुकडा हातात घेतला आणि हुंगला. तो मधोमध कापून जोडलेला होता.

"वसंता, हे मुशी माशाचं तेल हाय. होडीला लावतात ते. त्यात काजळी कालवून जोड लपवलाय. मोटारीत मुशीचं तेल कशाला येल?"

मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, आत्ता जाऊन सगळ्यांना सांगतो. त्यांनी मला उठवलं.

"कागदावर सही कोणाची? माझी ना? मग गाडी मी बघितली. पुढच्या म्हयन्यात तुझं लगीन हाय. गप ऱ्हा."

आणि मी गप्प राहिलो. त्यांचा शब्द मोडवेना असं मी सांगत आलो, पण खरं म्हणजे मला ते सोयीचं होतं. चाचा माझ्या लग्नाला आले, चाचींनी माझ्या बायकोला आपल्या हातातल्या बांगड्या घातल्या, आणि मी मान वर करून जेवलो. आज ते आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

"मिस्त्रींचे डोळे गेले," असं तुम्ही गावकरीच म्हणायला लागलात. माझ्यादेखत म्हणालात आणि मी मान डोलावली. गिऱ्हाईक मुंबईच्या दलालांकडे वळलं. मोटारखान्यात उभी हयात काढलेला हा माणूस नंतर बाजारपेठेत बसून स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करत होता. या सात वर्षांत त्यांच्या तोंडून ना तक्रार आली, ना माझं नाव. त्या दिवशी गाडी त्यांनी पाहिलीच नव्हती. मी पाहिली होती. हे आज छापून येऊ द्या. कुणाला खाडाखोड करावीशी वाटली, तर कृपा करून मी केलेली इतर स्तुती काढा, हे ठेवा.

चाचांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो, चाचींची साथ मिळो, आणि उरलेल्या दिवसांत त्यांच्या नावाला तुम्ही लावलेला डाग तुमच्याच हातांनी पुसला जावो, एवढंच मी मागतो. त्यांचं पारखीचं काम त्यांना परत मिळो, असंही मागितलं असतं. पण गेल्या दिवाळीपासून चाचांना खरोखरच दिसत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आहे, त्याला आता इलाज नाही. हा लेख दुसऱ्या कुणीतरी त्यांना वाचून दाखवायला हवा. त्यांना दिसत होतं ती सगळी वर्षं मी गप्प बसून घालवली.